सव्वा लिटरातला चहा

माझी काकू चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती, त्यातली शेवटची अकरा वर्षं वॉर्डची मुख्य सिस्टर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आमच्या इमारतीत तिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. खालचा टेलर म्हणतो, दूधवाला म्हणतो, आणि चिडवायचं असलं की काकाही म्हणतात. तिला ते आवडतं. नाही म्हणाली तरी चेहऱ्यावर दिसतं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. दिवसभर शाळेत ओरडून घसा बसवायचा आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी काकूकडे चहा प्यायचा, हा माझा नेम. तिचा मसाल्याचा चहा कसा होतो हे मी शंभर वेळा पाहिलंय आणि मला तो एकदाही जमलेला नाही. आधी ती कोपरापर्यंत हात धुते. मग वेलची सालीसकट, पेरभर सुंठ, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चार मिरी, सगळं छोट्या खलबत्त्यात. मिक्सरला हात लावत नाही, म्हणते, गरम होऊन वास उडतो. पाण्याला उकळी फुटली की मसाला, मग पत्ती, मग दूध. दूध पडल्यावर चहा तीनदा वर येऊ द्यायचा आणि तीनदा खाली बसू द्यायचा. त्या वेळात कुणी काही विचारलं तरी उत्तर मिळत नाही. उरलेला मसाला बाटलीत, बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि वेळ.

काका बुकबाइंडर. वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवण्यात आणि चहा पिण्यात त्यांची हयात गेली. एका हाताशी खळीचं भांडं, दुसऱ्या हाताशी कप. ब्रश चहात बुडाल्याच्या गोष्टी ते स्वतःच सांगतात. एकदा उलटंही झालं होतं म्हणे, पण ते अजून कबूल करत नाहीत.

मागच्या वर्षी काकांचं हृदय कुरकुर करायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, पंप कमजोर झालाय, पाणी अंगात साठतंय. रोज लघवीची गोळी, मीठ कमी, आणि पाणी, दूध, सूप, चहा असं सगळं धरून दिवसाला सव्वा लिटर. झालं, काकूची निवृत्ती संपली. फ्रीजच्या दारावर तक्ता लागला, डावीकडे ‘आत’, उजवीकडे ‘बाहेर’. गोळी गिळायला घेतलेले दोन घोटही त्यात येत. रोज सकाळी सहाला, पोटात काही जाण्याआधी, काका वजनकाट्यावर उभे राहायचे आणि काकू आकडा लिहून खाली सही करायची. घरात दोन माणसं, पण सही हवीच.

त्यात रक्तात साखरही काठावर निघाली. म्हणजे चहा शंभर मिलिलिटर, दिवसातून तीनदा, आणि तोही बिनसाखरेचा. काकांनी पहिला कप तोंडाला लावला आणि म्हणाले, “सिस्टर, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?”

मी हसले. काकू हसली नाही. नवऱ्याचं पाणी तोडलं, मीठ तोडलं, त्याबद्दल तिला काही वाटलं नव्हतं, पण आपल्या हातच्या चहाला औषध म्हटलेलं तिला लागलं.

त्याच सुमारास मी घशासाठी ज्येष्ठमधाची पूड आणली होती. अर्धं पाकीट उरलं ते काकूच्या ओट्यावर ठेवून आले. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तिचे डोळे चमकले. साखर नाही तरी गोड, आणि वर औषधी! दुसऱ्या दिवसापासून मसाल्याबरोबर ज्येष्ठमधही चहात पडू लागलं. “आता कसं,” काका मिटक्या मारत म्हणाले, “चहाला चहाची चव आली.” ते खूश, म्हणून काकूचा हात सढळ होत गेला. माझं पाकीट संपल्यावर तिने स्वतः मोठा डबा आणला. मीही रोज तोच चहा पीत होते आणि रोज वाहवा करत होते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग वजन चढायला लागलं.

एकसष्ट किलो दोनशेचे बासष्ट झाले. मग बासष्ट सहाशे. काकूने काकांच्या घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि पडलेलाच राहिला. रक्तदाबही वर. आणि तक्ता मात्र चोख, एकाही दिवशी सव्वा लिटरावर थेंब नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, पाणी मापात असून वजन चढत राहिलं तर हृदय दमत चाललंय असं समजा, लगेच या.

“मग जा ना,” मी म्हटलं.

“आधी चोरी पकडू दे,” काकू म्हणाली.

कारण तिच्या मते तिचा तक्ता चुकणं शक्य नव्हतं. तक्ता बरोबर, वजन जास्त, म्हणजे माणूस चोर. तिने पाण्याच्या जगवर पेनने रेघा मारल्या. काका अंघोळीहून आले की त्यांच्या ओठांकडे बघायची. दुपारी काका खालच्या टेलरकडे गप्पा मारायला बसत, तिथे जाऊन तिने त्याची उलटतपासणी घेतली.

“यांना चहा देता का?”

“सिस्टर, माझाच चहा मी गार करून पितो, ह्यांना कुठून देऊ? कात्रीची शप्पथ.”

काकांनाही रोज विचारणं चालू होतं आणि काका रोज नाही म्हणत होते. शेवटी ते एकदा तडकले. “अगं, गळ्याला कोरड पडते माझ्या, तरी घोट घेत नाही मी! तुझ्या त्या कागदापेक्षा माझ्यावर थोडा विश्वास ठेव की!” आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी काकू माझ्यासमोर टॉवेलाची घडी करत होती. केलेली घडी मोडून पुन्हा करत होती.

“चोरून पीत असतील तर बरं गं,” ती म्हणाली.

“बरं कसं?”

“चोरी असली तर बंद करता येते. चोरी नसली तर...” तिने घडी पुन्हा मोडली. “मी असे किती पाय दाबून बघितलेत, तुला नाही कळायचं. मला माहितीये पुढे काय होतं. पायरी न पायरी माहितीये.”

इतके दिवस मला ती नुसती हट्टी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही येत होती. ती देव पाण्यात घालून बसली होती आणि मागणं काय, तर माझा नवरा चोर निघू दे. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, हे तेव्हा आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळीच गेले, तर काका ओट्यापाशी उभे.

“सिस्टर, एक सांगायचंय. चुकलं माझं. टेलरकडे घेतो मी. दुपारी, दोन कप.”

काकूने तोंडाचा जो पट्टा सोडला! लाज नाही वाटत का, वय काय, मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय आणि तुम्ही खाली चहा ढोसताय, दुसऱ्याच्या कात्रीची खोटी शपथ घ्यायला लावता! काका मान खाली घालून सगळं ऐकत होते. आणि ओरडता ओरडता काकूचा चेहरा उजळत चालला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर खाल्लं. मग लाल पेन काढलं आणि मागच्या प्रत्येक दिवसापुढे लिहिलं, ‘टेलर, अंदाजे दोनशे, चोरून’.

नंतर ती टेलरला झापायला खाली उतरली, तिच्या मागे काका, त्यांच्या मागे मी. टेलरने ऐकून आ वासला. तेवढ्यात काकूच्या पाठीमागून काकांनी त्याला हात जोडले. मला वाटलं, बिचाऱ्याला पकडून दिलं म्हणून माफी मागताहेत. टेलरने आ मिटला आणि म्हणाला, “चुकलं, सिस्टर.”

चार दिवस काकांना खाली जायची बंदी होती. घरात बसून ते एक जुना शब्दकोश शिवत होते. गोड चहा मात्र तीन वेळा चालू होता, कारण तो बिचारा तक्त्यात बसत होता.

पाचव्या सकाळी काट्यावर त्रेसष्ट किलो आठशे दिसले. काकूने काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तेच. तिने मला हाक मारली आणि एवढंच म्हणाली, “रिक्षा बोलव.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रिक्षात काकांचा हात तिने मनगटापाशी धरला होता. नाडी बघत होती की नुसता धरला होता, ते मला कळलं नाही.

इस्पितळात रक्त काढलं, हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि दोन तासांनी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. हे डॉक्टर शिकाऊ असताना काकूच्या वॉर्डात तिची बोलणी खाऊन मोठे झालेले. ती आत शिरली तेव्हा ते नकळत उभे राहिले. मग त्यांनी तक्त्याची फाईल पानापानाने बघितली.

“सिस्टर, पोटॅशियम फार खाली गेलंय. नुसती गोळी एवढं खाली नेत नाही. काढे, चूर्णं, असं काही?”

“काही नाही. तोंडात जातं ते सगळं इथे लिहिलंय.”

“पातळ ते सगळं लिहिलंय,” डॉक्टर हळूच म्हणाले. “हा चहा कसला?”

“मसाल्याचा. वेलची, सुंठ, दालचिनी, लवंग, मिरी. साखर नाही. गोडीला थोडं ज्येष्ठमध.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “थोडं म्हणजे?”

“अर्धा चमचा. एका कपाला.”

“भरून,” काका म्हणाले. “शिगोशीग.”

मी खुर्चीत अंग चोरून बसले. पहिलं पाकीट माझं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्येष्ठमध रोज एवढं पोटात गेलं की अंग मीठ आणि पाणी धरून ठेवतं, दाब चढतो, पोटॅशियम निघून जातं. गोळी पाणी बाहेर काढत होती आणि चहा ते आत अडवत होता. “हृदय सहा महिन्यांपूर्वी जसं होतं तसंच आहे, सिस्टर. जराही वाईट झालेलं नाही. पोटॅशियम भरायला दोन दिवस ठेवून घेतो, आणि ज्येष्ठमध बंद. बाकी मसाला चालू द्या.”

काकूने विचारलं, “तसंच आहे?”

“तसंच आहे.”

“फक्त हे दोन कप,” डॉक्टर लाल अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, “टेलरकडचे.”

“ते खोटं आहे,” काका म्हणाले. “एक थेंब घेतलेला नाही.”

“मग सांगितलंत कशाला?” काकू ओरडलीच.

“तू जेवत नव्हतीस. चोर ठरलो तर चार घास खाशील, असं वाटलं.”

काकू उठून बाहेर गेली. मी मागे धावले. बाहेरच्या बाकावर बसून ती रडत होती, तोंड न झाकता, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सांची पर्वा न करता, आणि मधूनच हसत होती. मलाही रडू आलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! वर्षभराचं ओझं कुणीतरी डोक्यावरून उतरवून घेतल्यासारखं झालं. “सुंठेपेक्षा जास्त मी त्याला काही समजलेच नाही गं,” काकू म्हणाली. “कोरडी पूड. ती कुठे लिहायची?”

तीन आठवड्यांत वजन खाली आलं. घोट्यावरचा खळगा गेला. चहा पुन्हा बिनसाखरेचा झाला आणि काका तो तोंड वाकडं करत पितात. काकूने टेलरला घरी बोलावून चहा दिला. माफी मागितली नाही, पण कप दोनदा भरला.

ज्या सकाळी काट्यावर एकसष्ट दोनशे आले, त्या दिवशी ती फाईल आणि पट्टी घेऊन बसली. लाल नोंदी दुरुस्त करायच्या होत्या. नोंद खोडायची नाही, गिरवायची नाही, वरून एकच आडवी रेघ मारायची, पुढे कारण आणि सही, असा तिचा कायदा. तिने एकेका ओळीवर पट्टी धरून रेघ मारली. काका मागून डोकावत होते.

“कारण काय लिहिणार? लिही, पेशंट खोटं बोलला.”

“पेशंट खोटं बोलतातच,” काकू म्हणाली. “सिस्टरला ते पाच मिनिटांत कळायला पाहिजे. मला आयुष्यभर कळत आलं. या वेळीच नाही कळलं.”

तिने रेघेपुढे नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सिस्टर घाबरली होती’, आणि खाली सही केली.