गाण्यातली गप्प जागा

"गाणं चांगलं आहे, पण हे मधेच बंद पडतं. तेवढा भाग काप," आमच्या स्टेशनचे सर म्हणाले.

मी जबलपूरच्या एका एफएम स्टेशनवर ट्रेनी आहे. सकाळी कॉलेज, दुपारी स्टेशन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांसमोर बोलताना अजून अडखळते. कमी ऐकलेल्या गाण्यांचा छोटा सेगमेंट मला ट्रायलवर मिळाला होता. जमला तर दर शनिवारी माझा. नाही तर पुन्हा नुसते फोन उचलायचे.

मी एका नावाजलेल्या पॉप गायिकेचं न चाललेलं सिंगल निवडलं. लोक त्याला ब्रेकअपचं गाणं म्हणतात. ती 'कसे आहात' असं विचारते आणि वाद्यंसुद्धा थांबतात. मला ते प्रियकराला विचारलेलं वाटेना. माझे बाबा फॅक्टरीत मशीनवर आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. स्टेशनवरून घरी फोन करून काही विचारलं की उत्तर द्यायला ते एवढाच वेळ घेतात.

"सर, ती घरी फोन करतेय. अर्थ त्या थांबण्यातच आहे."

"रेडिओवर त्याला डेड एअर म्हणतात. लोकांना वाटतं स्टेशन बंद पडलं."

आमच्या प्रोड्यूसर नेहा दीदी मधे पडल्या. "करने दीजिए न सर, ट्रायल ही तो है."

"चलो. पण ऐकणाऱ्यांचे फोन नाही आले तर सेगमेंट बंद."

शनिवारी मी लिंक बोलले. लिंक म्हणजे गाण्याआधीची चार वाक्यं. "गाणं थांबेल तेव्हा घरचं कुणी विचारतंय असं समजा, आणि उत्तर द्या."

प्रश्न आला. शांतता आली. आणि दणक्यात साबणाची जाहिरात वाजली.

आमच्या सिस्टिममध्ये सायलेन्स डिटेक्टर असतो. आवाज थांबला की तो आपणहून काहीतरी लावतो. अशा गाण्याआधी तो बंद करायचा असतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

काचेपलीकडे सरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला. बड़ा फुहारा भागातले एक कापड दुकानदार होते.

"मैडम, हम जवाब देने ही वाले थे, बीच में साबुन आ गया! फिर से लगाइए."

मग सदर भागातून एक काकू. मग आणखी दोघं.

"फोन तर आले," सर म्हणाले. "पुन्हा लाव. आधी तो डिटेक्टर बंद कर."

या वेळी शांतता शेवटपर्यंत टिकली. काचेपलीकडे सरांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

घरी आई हसून राहिली होती. "तुझे बाबा रेडिओला उत्तर देऊन राहिले होते. मधात साबण बोलला तर त्याच्यावरच चिडले."

"अन् दुसऱ्या वेळी काय म्हणाले, बाबा?"

ते नेहमीसारखे जरा थांबले. "बरा आहे म्हटलं. अजून काय म्हणू?"

सेगमेंट आता दर शनिवारी असतो. गायिकेच्या मनात हाच अर्थ होता का, ते मला माहीत नाही. लोकांना शांतता ऐकवायची तर आधी मशीनला गप्प करावं लागतं, एवढं मात्र कळलं.