चौकडीच्या कापडावरच्या लाटा

“भाऊ, ह्या लाटा कुठून आल्या?”

हनीफभाईंनी चार मोठे फोटो माझ्या काउंटरवर मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला. फोटो त्यांच्याच कापडाचे होते, बारीक निळ्या चौकडीचं शर्टिंग. आदल्या दिवशी मीच काढले होते, नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर. आणि त्या चौकडीवरून तिरप्या, गुलाबी-हिरव्या लाटा गेल्या होत्या. चारही फोटोंत.

मी काय म्हणालो ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणालो, “हनीफभाई, डिजिटल आहे हे. डोळ्याला दिसत नाही तेसुद्धा दाखवतं. दोष कापडात असणार.”

तेव्हा सगळ्या फोटोग्राफरांना डिजिटलचं वारं लागलं होतं. मला जरा जास्तच. पाटीवर ‘डिजिटल’ हा शब्द मी स्टुडिओच्या नावापेक्षा मोठा रंगवून घेतला होता. येईल त्याला मेगापिक्सल समजावून सांगायचो. पासपोर्ट फोटोला आलेली म्हातारी माणसं मुकाट ऐकून घ्यायची, कारण फोटो मिळेपर्यंत त्यांना जाता यायचं नाही.

हनीफभाईंचे माग भिवंडीतल्याच निजामपुऱ्यात. वडिलांपासून धंदा एकच. व्यापारी सूत देणार, हे मजुरीवर विणून देणार, आणि कापड व्यापाऱ्याच्या नावानं बाजारात जाणार. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं डिझाइन विणलं होतं. बंगलोरच्या एका शर्ट कंपनीनं सांगितलं होतं, आधी फोटो मेल करा, पसंत पडले तर कापड मागवू. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कापड त्यांच्या नावानं जाणार होतं. आणि त्यावर मी लाटा काढून दिल्या होत्या.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून त्यांनी दोन लूम बंद केले. मुकादमानं पाने-पक्कड घेऊन ते उघडायला घेतले. मी एवढ्यावरही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन, कमरेवर हात ठेवून, मुकादमाला सांगितलं की मागाचा वेग कमीजास्त होत असणार. मागाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो आवाज करतो. मुकादमानं पुन्हा सगळं तपासलं. कापड उजेडात धरलं. लाटा कुठंच नव्हत्या. “दिखता नहीं है साब,” तो म्हणाला. मी म्हणालो, “वही तो. कॅमेरे को दिखता है.”

त्या दुपारी लोडशेडिंग होतं. भिवंडीत लोडशेडिंग आणि मच्छर दोन्ही दुपारीही ड्युटीवर असतात, म्हणून मी मच्छरदाणीत आडवा झालो होतो. बायको म्हणाली, “मच्छरदानी डबल झाली हाय. एकेरी करा. वारा न्हाय येत.”

मी वर पाहिलं. जाळीचे दोन पदर एकावर एक आले होते आणि त्यांच्यात लाटा दिसत होत्या. मोठ्या, तिरप्या. डोकं हलवलं की त्याही हलायच्या. मी उठून बसलो. जाळीत लाटा नव्हत्या. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटा तयार होत होत्या.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्यावर उजेड टिपणारे ठिपके असतात, ओळीत लावलेले, अगदी जाळीसारखे. कापडातही धागे ओळीतच. दोन्ही जाळ्या जवळपास सारख्याच बारीक असल्या की एकीवर दुसरी पडते आणि फोटोत तिसरंच काहीतरी उगवतं. फिल्मवरचे कण मात्र सांडलेल्या रव्यासारखे कसेही पडलेले असतात. त्यांना ओळ नाही, म्हणून लाटही नाही.

लाइट आल्यावर मी कापड स्टुडिओच्या भिंतीला टाचलं. एक फोटो जवळून काढला, एक पाऊल मागे सरकून दुसरा. कॉम्प्युटरवर पाहिलं तर लाटा बदलल्या होत्या. रुंदीही वेगळी, दिशाही वेगळी. मी मागे सरकलो म्हणून कापडातला दोष काही वाकडा होणार नाही. बायको मागून बघत होती. म्हणाली, “मंग लूम कशाला खोलायला लावले त्यांना?” मी चपला घातल्या.

निजामपुऱ्यापर्यंत रिक्षानं जाताना वाटत होतं की ट्रॅफिक लागावं. लागलं नाही.

“म्हणजे लूम ठीक आहे?” हनीफभाईंनी विचारलं.

“ठीक आहे.”

“आणि वेग कमीजास्त होतो, ते?”

“ते मी मनाचं सांगितलं.”

मुकादमानं हातातला पाना खाली ठेवला.  त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माझा जुना फिल्मचा कॅमेरा कपाटात बायकोच्या साड्यांखाली होता. मी तो विकायला काढला होता, पण ती म्हणाली होती, “ऱ्हाऊ द्या, काय खातो तुमचं?” रोल भरला, स्टँड लावला, कापडाचे फोटो काढले आणि कल्याणला जाऊन मोठ्या प्रिंट काढून आणल्या. तिथल्या लॅबमध्ये अजून निगेटिव्हवरून थेट कागदावर प्रिंट निघायची.

हनीफभाईंना बोलावून त्या काउंटरवर मांडल्या. एकही लाट नव्हती. धागा न् धागा मोजून घ्यावा. मला पुन्हा जोर चढला. “शेवटी फिल्म ती फिल्म, हनीफभाई. डिटेल बघा. हे त्या सहा मेगापिक्सलच्या बापाला जमणार नाही.” आठवडाभर आधी याच तोंडानं मी फिल्म मेली म्हणून सांगत होतो.

हनीफभाई ऐकत नव्हते. त्यांनी काउंटरवरचं भिंग उचललं आणि प्रिंटच्या एका कडेवर धरलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

“इथं बघा.”

केसाएवढी रेघ होती. उभ्या धाग्यांपैकी एक मध्येच तुटला होता आणि वीतभर पुढं जाऊन पुन्हा लागला होता. डिजिटलच्या फोटोतही ती जागा होतीच, पण माझ्या लाटांनी ती झाकली होती. कारखान्यातही कुणाला दिसली नव्हती, कारण सगळे लाटाच शोधत होते.

हनीफभाईंनी भिंग खाली ठेवलं. “नवा कॅमेरा नसलेलं दाखवतो, जुना लपलेलं दाखवतो. भाऊ, तुम्ही धंद्याला फार धोकादायक माणूस आहात.”

मी घाईघाईनं म्हणालो, “कडेलाच आहे. प्रिंट तेवढी कापतो. कळणार पण नाही.”

“फोटो तुम्ही कापाल. कापडावर नाव माझं जाणार आहे.”

मला फार लाज वाटली. त्यांनी धागे नीट करून तेवढं कापड पुन्हा विणायला लावलं. मी पुन्हा फिल्मवर फोटो काढले, प्रिंट स्कॅन करून मेल केल्या. मोठ्या प्रिंटवर धागे जाड आणि स्कॅनरची जाळी फार बारीक, म्हणून तिथं लाट उगवली नाही. कंपनीनं कापड मागवलं, हात लावून पाहिलं आणि ऑर्डर दिली. ऑर्डर लहान होती. पण ताग्यावर पहिल्यांदा हनीफभाईंचा शिक्का पडला. मला दाखवायला त्यांनी मुद्दाम बोलावलं. त्या शिक्क्यावरून ते सारखा हात फिरवत होते आणि मला उगाचच भरून आलं.

पुढं ईदला ते फोटो काढायला आले. अंगात त्याच निळ्या चौकडीचा नवा शर्ट. मी सवयीनं डिजिटल उचलला. त्यांनी हात आडवा केला.

“ह्या शर्टाला तो नको, भाऊ.”

जुना कॅमेरा पुन्हा साड्यांखालून निघाला. तो फोटो कारखान्यात ते बसतात त्या गादीमागच्या भिंतीवर लागला. लाट नाही, रेघ नाही.

आता स्टुडिओत खुंटीला एक साधा पांढरा शर्ट टांगलेला असतो. बारीक चौकडी घालून आलेल्या गिऱ्हाइकाला मी तो देतो. लोक म्हणतात, काय सर्व्हिस आहे. मी ऐकून घेतो आणि काउंटरवर बसलेल्या बायकोकडे बघायचं टाळतो. फोटोत काही भलतंच दिसलं, तर मी आधी एक पाऊल मागे सरकून दुसरा फोटो काढतो. तोंड त्यानंतर उघडतो.