पोरींच्या खोलीची कडी

आयटीआयमध्ये मी विजेचा ट्रेड शिकवायचे. आमचे हे राजूरच्या कोळसा खाणीत होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा मुकुटबनच्या अलीकडे, रस्त्याला लागून, ह्यांच्या वाट्याचा एक कोरडवाहू तुकडा पडून होता. आमच्या भागात हरभऱ्याला पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतं आणि विहिरीवरच्या मोटरा जळतात. जळलेली मोटर मोटरसायकलवर बांधून लोक दुरुस्तीला थेट वणी गाठतात. इकडे तांड्यांवरची, कोलामांच्या पोडांवरची दहावी नापास पोरं घरी बसलेली. आम्ही ठरवलं, त्या तुकड्यावर शेड उभी करायची, गरिबाघरच्या मुलामुलींना ठेवून घ्यायचं आणि मोटर वाइंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरायचं काम, फुकट शिकवायचं. माझे जुने विद्यार्थी मदतीला आले. कुणी पत्रे दिले, कुणी वायरिंग करून दिलं.

गावाला हे काही पटलं नाही.

पहिली शंका बोअरने आणली. मशीन लागलं, खालून काळपट चिखल वर आला, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एकच विषय. "खदानवाला बोअर मारून राह्यला. खाली कोळसा हाये, त्याले ठावं हाये." एकाने तर तो चिखल रुमालात बांधून वणीला दाखवायला नेला. कोळसा काही निघाला नाही. मग लोक म्हणू लागले, इलेक्शनला उभं राहायचं असन. दोन शिकलेली माणसं म्हातारपणी उन्हात उभी राहून विटा उतरवून घेतात, ते कशासाठी, हे कोणाला कळत नव्हतं. आणि आम्ही सांगितलेलं कोणी खरं धरत नव्हतं.

जवळच्या तांड्यातली एक म्हातारी रोज शेळ्या घेऊन आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसायची. भिंत किती चढली ते बघायची. मला तिची नजर खुपायची. काहीतरी चोरायला आल्यासारखं मलाच वाटायचं, माझ्याच शेतात.

एक दिवस ती शेळ्या सोडून सरळ आत आली. मुलींच्या खोलीसमोर थांबली.

"हे काय होय?"

"पोरींची खोली, आजी. दूरच्या पोरी इथंच राहतील."

"मंग कडी बाहेरून काहून?"

आत सिमेंटच्या बॅगा होत्या, म्हणून मिस्त्रीने कुलूप लावायला बाहेरून कडी ठोकली होती. मी तसं सांगितलं.

"अन् आतून कुठी हाये?"

आतून अजून लावलीच नव्हती. तिने मान वर करून भिंत पाहिली. "खिडकी इतकी वर कायले?"

"चोरी होऊ नये म्हणून."

"कोनाची चोरी?"

मला राग आला. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे हसले. "त्या बुढीले इन्स्पेक्टर कोणं केलं?" मीही हसले, पण म्हातारीचे ते प्रश्न मनात टोचत राहिले.

शेड झाली आणि आम्ही पोरं गोळा करायला निघालो. मुलं मिळाली. मुलींच्या घरी चहा मिळायचा, पोरगी मिळायची नाही. एका घरी आई म्हणाली, "पोरगी मामाकडे गेली," आणि पोरगी तिच्याच मागे उभी राहून आमच्याकडे पाहत होती. चहा पिऊन उठलो.

शेवटी ती म्हातारीच आपल्या नातीला घेऊन आली. दहावीत गणित राहिलेली, सडपातळ, कमी बोलणारी मुलगी.

"पोरगी शिकन," म्हातारी म्हणाली. "पन मी बी इथं राहीन."

"आजी, इथं फक्त शिकणाऱ्या मुली..."

"मंग जातो आम्ही. चाल छोरी."

मी थांबवलं तिला. तिची नात आली म्हणून आणखी काही मुली आल्या. म्हातारी गाठोडं घेऊन राहायला आली आणि मुलींच्या खोलीच्या दारात आडवी अंथरूण टाकू लागली. पोरींच्या आधी भाजी चाखायची. टाकीचं पाणी हुंगून बघायची. एका जुन्या विद्यार्थ्याने वर्गाचा फोटो काढायला मोबाइल वर केला, तेव्हा तिने नातीच्या तोंडावर आपला पदर टाकला. आमचा स्वयंपाकी वैतागला. म्हणाला, "मॅडम, हे बाई आपल्याले जहर देनारे समजते काय?"

कारण मला नातीकडून कळलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून कॉइल भरत होतो. तांब्याची तार हातात असली की मुली मोकळ्या बोलतात, हा माझा जुना अनुभव.

"माही मोठी बहीण अशीच ट्रेनिंगले गेलती," ती म्हणाली. "दूर, सूतगिरणीत. ड्युटी झाली का खोलीले बाहेरून कुलूप लावे. फोन सुपरवायझरजवळ. आली तवा लय बिमार होती. आता बरी हाये, पन दार लावलं का उठून बसते."

मी तार गुंडाळत राहिले. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून बाहेरची कडी काढून टाकली, आत मजबूत कडी बसवली आणि खिडक्या खाली घेतल्या. म्हातारीने सगळं पाहिलं. शाबासकी वगैरे काही नाही. कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि शेळ्यांकडे गेली.

मग पांढऱ्या गाडीतला माणूस आला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून आला होता. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. परराज्यातल्या एका गिरणीत आपण प्रशिक्षित मुली कामाला लावतो, म्हणाला. राहणं-जेवण सगळं तिथंच. वर आम्हाला दुसरी शेड बांधून द्यायचीही तयारी. ह्यांचा चेहरा खुलला.

"मुलांना नाही नेणार?" मी विचारलं.

"मुली स्थिर राहतात, मॅडम. मुलं पळून जातात."

नोकरी आवडली नाही तर माणूस सोडून जातो. पळून कुठून जातो? हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. मी विचारत गेले. आईवडील भेटायला येऊ शकतात? "सुरुवातीला नको, मग पोरींचं मन लागत नाही." फोन? "रविवारी."

त्याने खोली पाहायला मागितली. म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. "आजीबाई, जरा तिकडे बसता का?" तो म्हणाला. ती हलली नाही. तो तिला ओलांडून आत गेला, बाहेर आला आणि दाराच्या फळीवरून हात फिरवत म्हणाला, "बाहेरून लॉक नाही? मुलींच्या सुरक्षेसाठी लावून घ्या, मॅडम."

म्हातारीने सुपातून मान वर केली. "तुमची पोरगी कुठी असते जी?"

"पुण्याला. कॉलेजात."

"तिले नाही नेत काय तिथं?"

तो हसला. खिशातून गाडीची किल्ली काढली.

मी त्याला नकार दिला. गाडी गेल्यावर आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. "तुले आता सगळेच चोर दिसतात," हे म्हणाले. "त्या बुढीचं वारं लागलं तुले. शिकवून झाल्यावर या पोरींनी करायचं काय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोटर भरायचं काम मुलीला देणारं दुकान मला तोवर एकही मिळालं नव्हतं.

तो माणूस आम्हाला वगळून सरळ घरोघर फिरला. शिक्षण अर्धं झालं असताना दोन मुली त्या गाडीतून गेल्या. मी एकीच्या वडिलांना गाठलं तर ते म्हणाले, "तुमी शिकोलं, मॅडम, पन काम त्यायनं देल्लं." मी तशीच परत आले.

त्या मुलींचा रविवारी फोन यायचा. "बरी आहे, मॅडम." मागे कोणीतरी बाई बोलत असायची. "काय जेवलीस?" विचारलं की मध्येच थोडी शांतता, मग "भात." ह्यांना मी स्पीकरवर ऐकवलं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी हेच म्हणाले, "चाल, पाहून येऊ." कापसाची वेचणी आटपल्यावर त्या वडिलांनाही सोबत घेतलं.

गिरणीच्या फाटकावर बराच वेळ बसवून ठेवलं. मग एका बाईसोबत दोघी आल्या. कपडे नीटनेटके, अंगावर माराची खूण नाही. एकीने वडिलांना पाहिलं आणि त्यांचा हात धरला, तो सोडलाच नाही. तिचं सामानही न घेता आम्ही तिला घेऊन निघालो. दुसरी म्हणाली, "मी राहते, मॅडम. मले इथं बरं हाये." हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, पण ती बाईही तिच्याकडे बघत होती.

परत आलेल्या मुलीने राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. तिला आणि म्हातारीच्या नातीला मुकुटबनच्या एका मोटर दुकानदाराने ठेवून घेतलं, तेही ह्यांनी रोज जाऊन त्याच्या दुकानात ठिय्या दिल्यावर. म्हातारी आपलं गाठोडं घेऊन तांड्यात परत गेली.

तिथं राहिलेली मुलगी अजून दर रविवारी फोन करते. हसते, आईची चौकशी करते, नवीन ड्रेस घेतला म्हणून सांगते. कदाचित तिला खरंच तिथं बरं असेल. मी फोन ठेवते आणि मागे कोण बोलत होतं, ते आठवत बसते.