नववी क आणि न थांबणारा प्रोग्रॅम

"बाई, तुम्ही हात धुऊन आलात का?"

पर्यवेक्षक सरांनी हे मला कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात विचारलं. माझ्यामागे नववी क ची बेचाळीस मुलं रांगेत उभी होती. चपला सगळ्यांनाच बाहेर काढायला लागत. धूळ जाते म्हणून. ते मी समजू शकते. पण तासभर आधी नववी अ चे वर्गशिक्षक त्याच दारातून आत गेले, बोटाला खडू तसाच होता, त्यांना कोणी काही विचारलं नाही. मी बौद्ध. शाळेत राखीव जागेवर लागलेली. हे सगळ्या स्टाफरूमला पाठ होतं.

मी गेले आणि हात धुतले.

ह्या वाक्याची मला आजही शिसारी येते. पॅसेजच्या टोकाला नळ होता. तिथपर्यंत गेले, धुतले, पदराला पुसले. वळून पाहते तो माझ्यामागे अख्खा वर्ग नळाला लागलेला. बाईंनी धुतले, म्हणजे आपलेही घाण असणार. हे मी त्यांना शिकवलं, एक शब्द न बोलता.

मुलुंडची ही शाळा, काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. सरकारी योजनेतून आम्हाला दोन कॉम्प्युटर मिळाले. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची अर्धी खोली पार्टिशन टाकून वेगळी केली, तिला एसी बसवला. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा आणि ह्या खोलीत एसी. उद्घाटनाला पूजा झाली. हळदकुंकू मशीनवर वाहिलं, ते की-बोर्डच्या फटींत गेलं. शिपाईमामा दोन दिवस ब्रशने कुंकू काढत होते. त्याने मशीन बाटलं नाही. माझ्या हाताने बाटणार होतं.

ट्रेनिंगला शाळेतून दोन शिक्षक पाठवायचे होते. ट्रेनिंग दिवाळीच्या सुट्टीत, त्यामुळे कोणी तयार होईना. पर्यवेक्षक सरांना जावंच लागलं, कारण खोली त्यांच्या ताब्यात. दुसरी मी, कारण मला विचारलंच नाही, नाव पाठवून दिलं. आठ दिवस एका कॉलेजात आम्ही तीसेक शिक्षक. पहिले दोन दिवस मी हात मांडीवर ठेवून बसले. शिकवणारी मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मॅडम, काहीही दाबा ना. हे बिघडत नाही. फार तर आपण बंद करून परत चालू करू."

मी दाबलं. चौथ्या दिवशी माझ्या प्रोग्रॅमने सतराचा पाढा लिहिला. मी गणिताची शिक्षिका, पाढे मला नवे नव्हते. पण मी सांगितलेलं एक यंत्र बिनबोभाट ऐकत होतं. शाळेत असं कोणी ऐकत नव्हतं.

तिने न थांबणारा प्रोग्रॅमही शिकवला. फक्त दोन ओळी. पहिली ओळ नाव छापते, दुसरी म्हणते, पुन्हा पहिलीवर जा. नाव छापत राहतं, पडदा भरतो, वर सरकतो, पुन्हा भरतो. थांबवायचं असेल तर कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचं. पर्यवेक्षक सर त्या दिवशी आले नव्हते. घरी पाहुणे होते म्हणे.

शाळेत मात्र मुलांना मशीन लांबूनच दिसे. अ तुकडीच्या पहिल्या दहा नंबरांना बोटं लावता येत. बाकीचे वहीत उतरवून घेत: कॉम्प्युटर म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, उपयोग कोणते. प्रोग्रॅमसुद्धा पाठ करायचे. दहा प्रिंट, वीस गो टू दहा, म्हणजे दहा नंबरच्या ओळीवर परत जा. पोरं सुरात म्हणत, जसे पाढे. मग वरून पत्र आलं की सगळ्या तुकड्यांना पाळी द्या. क तुकडीला शनिवारचा शेवटचा तास मिळाला. त्याच पहिल्या शनिवारी ती हात धुण्याची गोष्ट घडली.

आत गेल्यावर सरांनी मला दाराजवळचं स्टूल दाखवलं. "तुम्ही रजिस्टर बघा. मशीनचं मी बघतो."

मी बसले. तेही केलं.

आदल्या दिवशी कमलने मला विचारलं होतं. कमल माझ्या वर्गातली, टेकडीवरच्या वस्तीत राहणारी, गणितात धारदार. "बाई, सरांनी प्रोग्रॅमचा कागद दिलाय, त्यावर शाळेचं नाव छापायचं लिहिलंय. मी माझं टाकलं तर चालेल?"

"टाक की," मी म्हटलं होतं.

तिची पाळी आली. तिने एका बोटाने अक्षरं शोधत शोधत टाइप केलं. आणि पडदाभर कमल. कमल, कमल, कमल, एकाखाली एक, वर सरकत. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मागून कोणी ओरडलं, "कमल, तू तर हिरॉइन झालीस गं!" ती लाजली, पण पडद्यावरची नजर तिने काढली नाही.

सर धावत आले. "काय केलंस? थांबव ते!" ते स्वतः कुठलीही बटणं बडवायला लागले. नाव छापतच राहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मामा, मेन स्विच! मेन स्विच बंद करा! वाट लावली मशीनची!"

मी स्टुलावर होते. पाच पावलांवर ते बटण होतं आणि मला ते माहीत होतं. मी उठले नाही. मघाशी हात धुऊन आलेली बाई मशीनला कसा हात लावणार, हा विचार खरोखर माझ्या डोक्यात आला. इतकं ते आत गेलं होतं.

मामांनी स्विच पाडला. अंधार.

सोमवारी मेकॅनिक आला. चालू केलं, पाच मिनिटं बघितलं, चहा प्यायला. "काहीच झालेलं नाही हो," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. मंगळवारी कमलला आणि तिच्या आईला बोलावलं. मला वर्गशिक्षिका म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माफीनामा टाइप करून तयार, शेजारी शाईचा पॅड. मशीनचा गैरवापर केला, पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. खाली तीन जागा: विद्यार्थिनी, पालक, वर्गशिक्षिका.

"मशीन तर चांगलं आहे," मी म्हटलं.

"प्रश्न शिस्तीचा आहे," पर्यवेक्षक सर म्हणाले. "शाळेचं नाव टाकायचं सोडून स्वतःचं? ह्यांना जरा काही दिलं की लगेच डोक्यावर बसतात."

ह्यांना. मुख्याध्यापक फाइलीत बघत राहिले.

कमलची आई औषधांच्या गोळ्या पॅक करायच्या कारखान्यात होती. खाडा करून आलेली. हात जोडून उभी. "सायेब, लेकरू हाय. एक डाव माफी करा. आंगठा कुठं लावू?"

"बाईंना विचारलं होतंस?" सरांनी कमलला विचारलं.

कमलने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "नाही सर. बाईंना माहीत नव्हतं."

चौदा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती. माझी नोकरी वाचवत होती. माझ्या चेहऱ्यावर तिने काय वाचलं असेल, ते मला कळलं.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "मीच हो म्हणाले. आणि तो प्रोग्रॅम बरोबर होता. तो थांबवायला एक बटण लागतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. सर, त्या दिवशी तुम्ही नव्हतात."

सर हळूच म्हणाले, "तुम्हाला ट्रेनिंगला पाठवलं, हीच चूक झाली."

"पाठवलंत ना? मग आता मला येतं."

मी तो कागद ओढला. आईसमोरचा शाईचा पॅड बाजूला सरकवला. "ताई, तुम्ही काही लावू नका." वर्गशिक्षिकेच्या जागेवर पेनाने लिहिलं: मुलीने माझ्या परवानगीने काम केले. ते बरोबर होते. मला थांबवता येत होते, मी उठले नाही. चूक माझी आहे. खाली सही केली. कमलची जागा आणि तिच्या आईची जागा आडवी रेघ मारून बंद केली.

मेमो तिसऱ्या दिवशी आला. तेच चार वाक्यांचं उत्तर पुन्हा लिहून दिलं.

पुढच्या शनिवारी नळाकडे न बघता मी वर्ग आत नेला. मशीनसमोर उभी राहिले. "आज सगळ्यांनी न थांबणारा प्रोग्रॅम लिहायचा. आपापलं नाव. आणि थांबवायचंही आपणच." सर दारातून ओरडले, "बाई, बंद करा हे!"

"करतील ती," मी म्हटलं. "त्यांना येतं."

पगारवाढ अडली. पुढे मला दोनदा बदलीची धमकी मिळाली. मिळू दे. मुख्याध्यापकांच्या त्या खोलीत मी एकच गोष्ट ठरवली आणि ती कोणासाठीही सैल केली नाही: माझ्या शब्दावर मुलाने काही केलं आणि त्याच्यावर शेकलं, तर मी स्टुलावर बसून राहणार नाही. समोर पर्यवेक्षक असो, संस्थेचा अध्यक्ष असो, आधी मी बोलणार. नोकरी जायची तर जाईल.