डोंगराच्या बाजूला समुद्र

तो नकाशा मी काढला होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या बोळिंजजवळ पूर्वी मोझॅक लाद्यांचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. काही तरुणांनी त्याच्या कुंपणावर फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांची चित्रं बसवायचं ठरवलं, तेव्हा हौसेने मीही गेलो. शिकवायला अर्नाळ्याच्या एक मावशी होत्या. त्यांचं तरुणपण त्याच कारखान्यात लाद्या पाडण्यात गेलं होतं.

वसई-विरारचा नकाशा माझ्या वाट्याला आला. चार फूट उंच, तीन फूट रुंद कागदावर मी दोन-दोन इंचांचे ४३२ चौकोन आखले. पद्धत अशी, की तुकडे पालथे घालून कागदावर चिकटवायचे, कागदासकट भिंतीवरच्या ओल्या सिमेंटमध्ये दाबायचे आणि मग कागद भिजवून सोलायचा.

मावशींनी कागद पाहिला. "सायेब, कागद निघाल्यावर हे उलटं दिसनार. आधीच उलटं काढा ना."

"मावशी, मी एकेक चौकोन मोजलाय."

"मोजलाय वो. पन उलटं दिसनार."

"तुम्ही फक्त तुकडे लावा," मी म्हणालो. त्या अकरा दिवस तुकडे लावत होत्या.

कागद सोलला तेव्हा पश्चिमेचा समुद्र उजवीकडे होता आणि पूर्वेचे डोंगर डावीकडे. लोक हसायला लागले. "काय हो, आता मासळी डोंगरातल्या चिंचोटीच्या धबधब्यातून आणायची का?" तरुणांची प्रमुख असलेल्या मुलीने विचारलं, "कोणी लावलं हे?" कोणीतरी मावशींचं नाव घेतलं. "वय झालं त्यांचं," दुसरा म्हणाला.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बसून आखणीची पट्टी पुसत होतो. पट्टी स्वच्छच होती.

पुढच्या भिंतीवर शिकवायला त्यांना बोलवायचं नाही, असं चार दिवसांनी कानावर आलं. त्यानंतरही मी नऊ दिवस गप्प बसलो. दहाव्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, की चूक माझी होती आणि मावशींनी मला बजावलं होतं.

"अहो काका, तेव्हाच बोलायचं ना," ती मुलगी म्हणाली. "आता दुसऱ्या बाईंना हो म्हटलंय. मावशी मदतीला आल्या तर चालेल."

तो निरोप घेऊन मीच अर्नाळ्याला गेलो. मावशी ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"मदतीला?" त्या म्हणाल्या. "त्या बायला मीच शिकवलंय, सायेब."

सुनेला हाक मारून त्यांनी तिला माझ्यासाठी चहा करायला सांगितला. येते मात्र म्हणाल्या नाहीत. त्यानंतर मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला.