मेहरूणच्या माडीवर बेंगळुरूचे घोडे

कोर्टात खटल्याचा निकाल लागतो, फाईल रेकॉर्ड रूमला जाते आणि पक्षकार पुन्हा फारसा दिसत नाही. किस्सा मात्र आमच्या बार रूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावरच राहतो. जळगावला वकिली करून मला आता बरीच वर्षं झाली. कायद्याची कलमं कधीकधी पुस्तकात बघावी लागतात, किस्से बघावे लागत नाहीत. काही माणसांचा एखादाच असतो, काहींचे साठत जातात. विलासभाऊंचे असेच साठले.

टेबलावर आम्ही तिघं. एक मी. दुसरे नाना, मूळचे धुळ्याकडचे, ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले. तिसरे भास्करभाऊ, पैरवी हवालदार. म्हणजे पोलिसांच्या वतीनं साक्षीदार वेळेवर कोर्टात उभे करण्याचं काम ज्यांच्याकडे असतं ते. खटल्यात भास्करभाऊ समोरच्या बाजूचे, चहाला आमच्या बाजूचे.

विलासभाऊ एका कॉलेजात लॅब असिस्टंट. घर जळगावातल्याच मेहरूणला, तलावाच्या जवळ. माडीवर टीव्ही, आणि सुट्टीच्या दुपारी टीव्हीसमोर चार-पाच मित्र. बेंगळुरूच्या, हैदराबादच्या घोड्यांच्या शर्यती लागायच्या. मित्र पैसे लावायचे आणि विलासभाऊ ते फोनवरून पुढे कुणाला तरी कळवायचे. एका दुपारी पोलीस जिना चढून वर आले. जुगाराचा अड्डा चालवल्याची केस झाली, कॉलेजनं नोटीस काढली, आणि विलासभाऊ मान खाली घालून नानांसमोर येऊन बसले. नोकरी जाण्याची भीती एवढी होती की पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचं पूर्ण नावही धड सांगता येईना.

* * *

पहिला किस्सा पंचाच्या उलटतपासणीचा. पोलिसांबरोबर माडीवर गेलेला हा साक्षीदार, साधा माणूस, खरं तेवढंच सांगणारा.

नानांनी विचारलं, "वर गेलात तेव्हा काय दिसलं?"

"टीव्हीवर घोडे पळत होते."

"आणि आरोपी?"

"उभा राहून ओरडत होता."

"काय ओरडत होता?"

"पळ, पळ लवकर, असं."

नाना शांतपणे जज्जसाहेबांकडे वळले. "साहेब, जिन्यात पोलीस दिसल्यावर माणूस मित्राला दुसरं काय सांगणार?"

जज्जसाहेबांनी मान कागदात घातली. भास्करभाऊ खोकत खोकत बाहेर निघून गेले.

बाहेर आल्यावर विलासभाऊ नानांच्या कानाशी लागले. "नाना, पण मी ते घोड्यालाच म्हणत होतो."

"मला सांगितलंस ते बरं केलंस," नाना म्हणाले, "आता आणखी कुणाला सांगू नकोस."

* * *

छाप्यात टीव्ही जप्त झाला होता. तो परत मिळावा म्हणून विलासभाऊंच्या आई, म्हणजे अक्का, यांच्या नावानं आम्ही अर्ज दिला. अक्का पारोळ्याकडच्या. आयुष्यभर अहिराणीच बोललेल्या. जज्जसाहेब कोकणातले, इकडे नवीनच आलेले.

त्यांनी विचारलं, "आजी, टीव्ही तुमचा आहे का?"

"मना शे."

"त्यावर जुगार चालायचा हे ठाऊक होतं?"

अक्कांनी पदर सावरला. "घोडा तठे पयनात, टीव्ही आठे धरा. टीव्हीनी काय करं?"

जज्जसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. घोडे तिकडे पळाले आणि टीव्ही इकडे पकडला, त्या टीव्हीनं काय केलं, एवढंच अक्कांना सांगायचं होतं. पण नाना उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, "साहेब, अक्का क्षेत्राधिकाराचा मुद्दा मांडत आहेत."

टीव्ही त्याच आठवड्यात हमीपत्रावर परत मिळाला.

* * *

खरं म्हणजे अक्कांनी ज्या जागी बोट ठेवलं तिथं मीही बरेच दिवस अडकून पडले होते. आपल्या राज्यात घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावायला सरसकट बंदी नाही. सरकारनं लायसन दिलेल्या रेसकोर्सच्या आवारात किंवा सरकारनं मान्य केलेल्या जागेत बसून, शर्यतीच्या दिवशी, रीतसर खिडकीवर पैज लावता येते. शर्यत दुसऱ्या राज्यातली असली तरी तिथल्या पडद्यावर ती दिसते, तिच्यावरही पैसे लावता येतात, आणि सरकारला त्यातून कर मिळतो. त्या आवाराबाहेर तीच पैज म्हणजे जुगार. आणि आपल्या जळगाव-धुळ्यात असं आवारच नाही.

कोर्टानं विलासभाऊंना शेवटी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? आरोपीनं अशा वेळी "मी निर्दोष आहे" म्हणायचं आणि गप्प बसायचं, हे नानांनी पढवून ठेवलं होतं. विलासभाऊ तेवढं म्हणाले आणि मग त्यांना राहवलं नाही.

"साहेब, घोडा एकच, शर्यत एकच. मुंबईत बसून पाहिली तर माणूस शौकीन, मेहरूणला पाहिली तर आरोपी. हे त्या घोड्याला तरी माहीत असतं का?"

नानांनी डोळे मिटून घेतले.

जज्जसाहेब म्हणाले, "घोड्याला माहीत नसलं तरी चालतं. तो माझ्यासमोर उभा नाही."

* * *

पुढचा किस्सा मी टेबलावर फार वेळा सांगत नाही.

खटला चालू असताना एका दुपारी विलासभाऊंची बायको, आशाताई, माझ्याकडे आली. नानांकडे नाही, माझ्याकडे. ती शिवणकाम करते, बोटाला तेव्हाही सुई टोचल्याची चिंधी बांधलेली होती. मला वाटलं, नोकरी वाचेल का हे विचारायला आली असेल. मी धीराचं काहीतरी बोलायला लागले, तर तिनं थांबवलं.

"ताई, मुंबईला त्या आवारात हे लावलं असतं तर गुन्हा नव्हता ना?"

"नव्हता."

"का?"

"तिथं लायसन आहे. सरकारची देखरेख असते. काय चाललंय ते दिसतं, त्यावर कर बसतो."

तिनं बोटावरची चिंधी नीट केली. मग म्हणाली, "म्हणजे तिथं लावणारा माणूस रविवारी आपल्या बायकोशी बोलतो का?"

मी कायदा शिकलेय. बंदी घातली की माणूस माडीवर जातो, दार लावून घेतो, फोनवर कुणा अनोळखी माणसाच्या हाती सापडतो. त्यापेक्षा उजेडात, नियमात ठेवलेलं बरं, असं मला वाटायचं आणि आजही बरंचसं वाटतं. पण हा प्रश्न कुठल्याच कलमाखाली येत नव्हता. मी तिला चहा घेणार का विचारलं. ती नको म्हणाली, आणि मुलीच्या शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेली.

* * *

विलासभाऊ सुटले. संशयाचा फायदा मिळाला. कॉलेजनं नोटीस मागे घेतली, विलासभाऊ पेढे घेऊन आले, भास्करभाऊंनी हरल्या बाजूचे असूनही दोन घेतले. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

विलासभाऊंना तसं वाटलं नव्हतं. जज्जसाहेबांसमोर विचारलेला प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. मुंबईला चालतं तर इथं का नाही? त्यांनी आम्हाला न विचारता एक अर्ज केला. मेहरूण भागात एक हॉल भाड्यानं घेऊन, सरकारी देखरेखीखाली, परराज्यातल्या घोड्यांच्या शर्यती पडद्यावर दाखवण्यास व त्यावर रीतसर पैज घेण्यास परवानगी मिळावी. आमच्या भागात असा अर्ज आधी कुणी केला असेल असं वाटत नाही. कुठल्या कार्यालयात दिला ते मी सांगत नाही. तिथल्या लोकांचीही पंचाईत झाली असणार. करमणुकीचा म्हणून तो एका टेबलावर गेला, तिथून जुगाराचा म्हणून दुसऱ्या, आणि दुसऱ्या टेबलावरच्या कुणीतरी तो घोड्यांचा म्हणून जनावरांच्या खात्याकडे पाठवला.

तिथून उत्तर मात्र नीट टाईप होऊन आलं. विलासभाऊंनी ते नानांच्या हातात दिलं आणि नानांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. सदर भागात शर्यतीचे घोडे आढळून येत नाहीत, सबब त्यांच्या लसीकरणाचा प्रश्न उद्भवत नाही.

भास्करभाऊ इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मीही हसले. विलासभाऊ हसले नाहीत. अर्ज केल्याचं घरी कळलं त्याच आठवड्यात आशाताई मुलीला घेऊन भडगावला, माहेरी गेली होती. जाताना भांडली नाही. "तुम्ही सुटला," एवढंच म्हणाली म्हणे, "आता मलाही सोडा."

* * *

त्या हिवाळ्यात भास्करभाऊ सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. तिथला घोडेबाजार आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गर्दीत त्यांना विलासभाऊ दिसले, एकटेच. पूर्वी कठड्यात उभा असलेला आरोपी आणि त्याला त्या माडीवरून आणणाऱ्या पोलिसांचा हवालदार, दोघं मिळून भजी खात फिरले.

एका घोड्यासमोर विलासभाऊ थांबले ते थांबलेच. उंच, काळाभोर घोडा. त्यानं मान झटकली तशी विलासभाऊ दचकून दोन पावलं मागे सरले आणि भास्करभाऊंच्या पायावर पाय पडला.

घोड्याचा मालक लांबून आलेला व्यापारी होता. त्यानं हिंदीत विचारलं, "क्या भाई, कभी घोडा नहीं देखा?"

"बहुत देखे," विलासभाऊ म्हणाले आणि अंगठा आणि तर्जनी ताणून टीव्हीवरच्या घोड्याएवढं माप दाखवलं. "इतने-इतने."

व्यापाऱ्यानं त्यांचा हात धरून घोड्याच्या मानेवर ठेवला. विलासभाऊंनी हात काढला नाही. बऱ्याच वेळानं ते भास्करभाऊंना म्हणाले, "भाऊ, हा गरम लागतो हो."

हा किस्सा सांगताना भास्करभाऊ त्या मापावर हसायचे आणि इथं आले की कपातला उरलेला चहा संपवायचे.

* * *

विलासभाऊंच्या माडीवर आता आशाताईचा शिवणक्लास चालतो. टीव्ही खाली अक्कांच्या खोलीत आहे. हे कसं झालं ते विलासभाऊ सांगत नाहीत. आशाताईही नाही. नाना तेवढे एकदा त्या दोघांबरोबर होते, आणि विलासभाऊंचा हा शेवटचा किस्सा नानांनी सांगितलेला.

यात्रेनंतर विलासभाऊ भडगावला गेले. आशाताईनं त्यांना आत बोलावलं, जेवायला वाढलं आणि एकच अट घातली. "जिथं चालतं तिथं मला एकदा घेऊन चला. मला बघायचंय." नानांची मुलगी पुण्यात असते आणि नाना तिच्याकडे निघालेच होते. विलासभाऊंना एकट्यानं जायची हिंमत होईना, तेव्हा त्यांनी नानांना गळ घातली. तिघं मिळून पुण्याच्या रेसकोर्सवर गेले.

पुण्यात त्या दिवशी शर्यत नव्हती. बाहेर मोठं हिरवं मैदान रिकामं पडलेलं, आणि आत हॉलमध्ये माणसंच माणसं, सगळ्यांच्या माना वर, पडद्याकडे. शर्यत बेंगळुरूची. खिडक्यांसमोर रांगा. कुणी कुणापासून काही लपवत नव्हतं.

विलासभाऊ रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तसे ते खिडकीला तोंड लावून काहीतरी पुटपुटले.

आतला माणूस म्हणाला, "जोरात बोला, ऐकू येत नाही."

विलासभाऊंनी मागे-पुढे पाहिलं आणि पुन्हा पुटपुटले.

"अहो जोरात बोला. इथं कुणी धरत नाही."

विलासभाऊ रांगेतून बाजूला झाले. भिंतीशी जाऊन उभे राहिले. नाना सांगतात, विलासभाऊंच्या कपाळावर घाम आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, कठड्यातसुद्धा आला नव्हता एवढा.

आशाताई त्यांच्या मागेच उभी होती. ती खिडकीशी गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सात नंबर."

"एवढंच?" आतून प्रश्न आला.

"नाव काय त्याचं?"

आतल्या माणसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग कागदात बघून एक इंग्रजी नाव सांगितलं. तिला ते कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा, सावकाश सांगितलं. पैसे देऊन, तिकीट घेऊन ती नानांजवळ येऊन उभी राहिली.

शर्यत सुटली. हॉलमध्ये गलका झाला. आशाताई ओरडली नाही, पदराचं टोक मुठीत धरून तिनं शेवटपर्यंत पाहिलं. सात नंबर आधी मधे होता, मग मागे पडत गेला. पुढचे घोडे पोचल्यावर कॅमेरा त्यांच्याकडे वळला, आणि अगदी शेवटी, पडद्याच्या कडेला, तो एकटा येताना दिसला. तोवर कुणी बघत नव्हतं. लोकांनी तिकिटं खाली टाकली होती आणि पुढच्या शर्यतीचे नंबर विचारत होते.

विलासभाऊ भिंतीपासून हळूहळू तिच्याजवळ आले. "काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर आता जाहिरात लागली होती. आशाताई तिकडेच बघत होती.

"तो शेवटचा," ती म्हणाली, "त्याला आता पाणी कोण दाखवत असेल?"