पालीवरून येणारी रसद

'रसद' हा शब्द मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या सरांनी समजावून दिला. मूळ फारसीतला. लढाईवर निघालेल्या फौजेला मागून पोचवायचा दाणागोटा म्हणजे रसद. ती तोडली की तोफ न डागताही किल्ला हाती येतो, असं सर म्हणत. पुढे कुणाच्याही पाठीशी गुपचूप उभं राहणाऱ्याला 'रसद पुरवतो' म्हणू लागले.

माझी रसद रोज सकाळच्या एस.टी.ने यायची. आमचं गाव पालीपासून आत. मी रत्नागिरीत एका शिक्षकांच्या पडवीत राहायचो. खानावळ परवडणारी नव्हती. आई जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा ड्रायव्हरकडे द्यायची आणि तो केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर ठेवायचा. त्यामुळे कुळथाची पिठी स्टँडवर पोचेपर्यंत गरम राहायची. सरांचा शब्द मी कौतुकाने स्टँडवरच्या कंट्रोलरना सांगितला, तेव्हापासून ते हाक मारत, "बीए, रसद आली रे!"

त्या वर्षी गणपतीनंतरच्या पावसात गावच्या रस्त्यावरची मोरी, ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेली. गाडी पालीवरूनच मागे फिरू लागली. डबा बंद. दोन दिवस मी चणे-कुरमुऱ्यांवर काढले. सणाला आलेला काका तर आधीच मागे लागला होता, "चल मुंबईला, कारखान्यात चिकटवतो." तिसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरना म्हटलं, "पालीत कुणी आमच्या गावचं भेटलं तर सांगा, मी कॉलेज सोडून परत येतोय."

"मी डबे नेतो," ते म्हणाले. "असले निरोप नाय नेत."

पण त्यांनी पालीच्या बाजारात आमच्या वाडीतल्या बायकांना गाठलंच. काकड्या-पडवळं विकायला त्या बांधाबांधाने चालत येत. दुसऱ्या दिवसापासून आईचा डबा त्यांच्या टोपलीतून पालीपर्यंत येऊ लागला, आणि ज्या बाईची डबा आणायची पाळी असेल तिचंही त्यात काहीतरी असायचं. कधी घावन, कधी सुक्या जवळ्याची चटणी. एकदा डब्याबरोबर दोन काकड्या आल्या तेव्हा कंट्रोलर म्हणाले, "मेल्या, एवढ्यात किल्ला वर्षभर लढेल!"

रविवारी मी बांधावरून चालत घरी गेलो आणि काकाला नाही म्हणून सांगितलं. तो रागावला नाही. पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "ऱ्हा बाबा. पण नापास झालास तर माझ्याकडे पळून येऊ नको हां. या बायका मुंबईपर्यंत येतील तुला शोधत."

मी पास झालो.